लमीन त्रीकीचा ऑक्टोपस आणि अर्जातले दोन रकाने

गेम बनवायचा असं लमीन त्रीकीने ठरवलं, तेव्हा त्याने आणखीही एक ठरवलं होतं: बायकोखेरीज कोणाला सांगायचं नाही. पहिला निश्चय सात महिने टिकला. दुसरा सव्वा तास.

यात लमीनचा फारसा दोष नाही. स्फाक्स शहरात चौथ्या मजल्यावर राहून गुपित ठेवायचं तर खिडक्या बंद कराव्या लागतात, आणि सप्टेंबरात खिडक्या बंद केल्या की घरात कोण आजारी आहे ते विचारायला शेजारी वर येतात. म्हणजे गुपित फुटायचं ते फुटतंच, वर चहा करावा लागतो.

लमीन भूमापन कार्यालयात नकाशे काढायचा. बावीस वर्षं त्याने लोकांच्या ऑलिव्हच्या बागांच्या हद्दी आखल्या आणि बावीस वर्षं लोकांनी त्या चुकीच्या आहेत म्हणून त्याला सांगितलं. गेम खेळण्याची त्याला आवड होती असंही नाही. पण घरात बशीरबाबा होते.

बशीरबाबा म्हणजे लमीनचे वडील. पंच्याहत्तरीचे. केरकेन्ना बेटांवर त्यांनी साठ वर्षं ऑक्टोपस धरले. दोरीला मडकी बांधायची, उथळ पाण्यात सोडायची. आयतं घर मिळालं म्हणून ऑक्टोपस आत जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी घरासकट वर येतो. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरने पाण्यात उतरायला बंदी केली आणि बाबा मुलाकडे शहरात आले. गॅलरीत त्यांची खुर्ची मांडली. समोर शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. "तेवढंच पाणी नशिबात," असं ते पहिल्या महिन्यात म्हणायचे. दुसऱ्या महिन्यात म्हणेनासे झाले. तिसऱ्या महिन्यात त्यांचं दिवसभराचं बोलणं म्हणजे जेवताना "मीठ", एवढंच उरलं.

म्हणून लमीनच्या डोक्यात आलं की बाबांचा समुद्र त्यांना खेळायला द्यावा. खेळणारा स्वतः ऑक्टोपस. केरकेन्नाचं पाणी, खाली गवत, आणि मडकी. कुठलं मडकं आसरा, कुठलं सापळा, हे ओळखायचं. बस.

"तुला प्रोग्रामिंग येतं?" वसीलाने विचारलं. वसीला शाळेत गणित शिकवायची आणि घरीही प्रश्न त्याच आवाजात विचारायची.

"शिकेन की."

"तुला अजून वॉशिंग मशीन लावता येत नाही."

"त्याचं पुस्तक जर्मनमध्ये आहे."

"चित्रांत आहे, लमीन."

लमीनने हा अपमान गिळला आणि सांस्कृतिक भवनातून आणलेला अर्ज पुढे ठेवला. एप्रिलमध्ये तिथे स्थानिक गेम बनवणाऱ्यांचा मेळा भरणार होता. नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक हे त्याने सुबक अक्षरात भरलं. मग दोन रकाने आले. 'खेळ कशावर चालणार?' आणि 'कोणत्या साधनाने बनवणार?' तिथे पेन थांबलं. नकाशावर हद्द कुठे आखायची हे सांगणारा कोणीतरी वरिष्ठ असतो. इथे कोणीच नव्हतं.

हे त्याला वाटलं. प्रत्यक्षात सगळे होते.

पहिले आले सी हेदी; 'सी' म्हणजे तिकडचं 'राव'. समोरच्या दारातले, शाळातपासनीस म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त शाळा झाल्या होत्या. तपासणी चालूच होती.

"सी लमीन, दार उघडं होतं म्हणून आलो."

"दार बंद होतं, सी हेदी."

"लोटल्यावर उघडलं ना? मग!" ते बसले. "गॅलरीत उभा होतो, कानावर आलं. एका शब्दात सांगतो. फोन." यानंतर ते पस्तीस मिनिटं बोलले. त्यांचा भाचा मॉन्ट्रियलला असतो, त्याच्या ऑफिसातला कोणीतरी फोनवरचे गेम बनवून आता तळं असलेल्या घरात राहतो. "सगळी दुनिया फोनवर आहे. ज्याच्याकडे असा फोन नाही तो एक माणूस मला दाखवा."

लमीनने गॅलरीकडे बोट केलं. बाबांच्या मांडीवर त्यांचा बटणांचा फोन होता, रबरबँड लावलेला.

सी हेदींनी तिकडे पाहिलं. "ते अपवाद," ते म्हणाले आणि चहात बदाम कमी पडल्याचं दाखवून दिलं.

पहिल्या रकान्यात लमीनने पेन्सिलीने लिहिलं: फोन.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर मोपेड दुरुस्त करणाऱ्या नासरने जिन्यातच गाठलं. "ऐकलं ते खरं का? इंजिन घेताय म्हणे?"

गेम ज्या साधनात बनवतात त्याला इंजिन म्हणतात, हे लमीनलाही चारच दिवसांपूर्वी कळलं होतं. तो मोठ्या अधिकाराने म्हणाला, "ते वेगळं इंजिन, नासर. कॉम्प्युटरमधलं."

"इंजिन ते इंजिन. फुकटचं की विकतचं?"

"दोन्ही मिळतात. एक छोटं आहे, फुकट. एक प्रचंड मोठं आहे, तेही सुरुवातीला फुकट, पुढे तुमचं भलं झालं तर वाटा मागतात."

नासरने हात पुसले. "मग मोठंच घ्या. आपलं भलं होतंय कुठे?"

हा तर्क लमीनला पटला. शिवाय मोठ्या इंजिनाची जाहिरात लमीनने पाहिली होती. तिच्यात समुद्र होता, आणि समुद्रात सूर्य, आणि सूर्याचा प्रत्येक लाटेवर वेगळा तुकडा. त्याने फोन खोडून कॉम्प्युटर लिहिलं आणि इंजिन उतरवून घ्यायला लावलं. ते तीन दिवस उतरत होतं. तीन दिवस घरात इंटरनेट नव्हतं. सी हेदींच्याही घरात नव्हतं, कारण दोन वर्षांपासून ते लमीनचंच वापरत होते. ही गोष्ट ते स्वतःच तक्रार घेऊन आले तेव्हा उघडकीला आली.

चौथ्या दिवशी इंजिन सुरू झालं. लॅपटॉपने आधी शिट्टी घातली, मग घरघर लावली, मग त्यातून असा वारा सुटला की मेजावरचे वसीलाने तपासलेले पेपर उडाले. "मिरच्या भाजायच्या असतील तर यावर ठेवू का?" तिने विचारलं. लमीनने लॅपटॉप उचलून फ्रीजच्या उघड्या दारात, हरिसा या मिरचीच्या चटणीच्या बरणीला टेकवून ठेवला आणि स्टुलावर बसून पाच आठवडे समुद्र बनवला. ऑफिसातून आला की स्वेटर घालायचा आणि फ्रीजपाशी बसायचा. लोक सर्दीची कारणं सांगतात तेव्हा कोणी विश्वास ठेवत नाही. लमीनने तर सांगितलीच नाहीत.

पण समुद्र झाला. काय झाला! निळा, काळा, तळ नसलेला. एक लाट उठायला अर्धं मिनिट लागायचं, पण उठली की बघत राहावं. लमीनने बाबांना खुर्चीसकट फ्रीजसमोर आणलं.

बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून एक संपूर्ण वाक्य निघालं.

"हे कुठलं पाणी?"

"केरकेन्ना, बाबा."

"केरकेन्ना?" बाबा उसळले. "अरे, यात जहाज बुडेल! आपल्याकडे बोटीतून पडलेला माणूस उभा राहतो आणि टोपी शोधतो. पाणी गुडघ्याएवढं! मांडीएवढं म्हटलं तर आम्ही खोल म्हणतो. आणि गवत कुठाय? ऑक्टोपस काय हवेत राहणार? इतकी वर्षं बापाने तुला हे दाखवलं?"

आणि खुर्चीसकट परत नेण्याचा हुकूम झाला. लमीन इतका दुखावला की तो फ्रीजचं दार बंद करायला विसरला आणि रात्रीचं जेवण आंबलं. वसीला मात्र स्वयंपाकघरात उभी राहून हसत होती.

"पाच आठवडे वाया गेले आणि तू हसतेस?"

"ते आठ वाक्यं बोलले," ती म्हणाली. "मी मोजली."

हे लमीनच्या ध्यानात आलंच नव्हतं. त्याने मोठं इंजिन काढून टाकलं. लॅपटॉपने सुटकेचा निःश्वास टाकला, अगदी ऐकू येईल असा. मग त्याने ते छोटं, फुकटचं, चौकटीचौकटींतून चित्र जुळवायचं इंजिन घेतलं. चौकटी! बावीस वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं? गुडघाभर पाणी म्हणजे चार रांगा निळ्या आणि दोन हिरव्या. एका शुक्रवारी समुद्र तयार झाला आणि त्यात गवतसुद्धा हललं.

ऑक्टोपसला मात्र वेळ लागला. पहिला ऑक्टोपस सोडल्या सोडल्या वर पडला. खाली नव्हे, वर. पाण्यातून आभाळात, आभाळातून पडद्याबाहेर. दुसऱ्याचे पाय शरीर मागे सोडून पुढे निघून गेले. दर वेळी लमीन "बाबा, बघता का?" म्हणायचा आणि दर वेळी बाबा "मी कशाला बघू?" म्हणून खुर्ची थोडी इकडे वळवायचे. जानेवारीपर्यंत खुर्चीची पाठ टाक्यांकडे झाली होती.

"मडकी सरळ रेघेत लावलीयेस," ते एकदा म्हणाले. "तुझ्या ऑफिसात हद्दी आखतात तशी. प्रवाहाला तिरकी लाव."

लमीनने तिरकी लावली. खेळ एकदम खेळासारखा वाटायला लागला.

आता छोटा झालेला हा खेळ स्वतःच्या फोनवर घालून त्याने बाबांच्या हातात दिला. सी हेदीही हजर होते, कारण फोन ही त्यांची सूचना होती आणि श्रेय घ्यायला माणसाने जागेवर असावं. बाबांनी अंगठा टेकवला. काही झालं नाही. जोरात दाबला. काही नाही. तर्जनी, मधलं बोट, दुसरा हात. साठ वर्षं खारट ओले दोर ओढून त्यांच्या बोटांची कातडी अशी झाली होती की काच त्यांना बोट मानायला तयार नव्हती.

"बोट ओलं करा," सी हेदी म्हणाले.

"साठ वर्षं ओलंच होतं," बाबा म्हणाले. त्यांनी फोन परत दिला. "जाऊ दे, बेटा. या यंत्राच्या मते मी मेलेलो आहे."

ते विनोदानेच म्हणाले. पण लमीनला ते लागलं. ज्या माणसासाठी हे सगळं चाललं होतं, त्याच्या हाताकडे त्याने एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तो उठला, अर्ज काढला, आणि पहिल्या रकान्यात खाडाखोडीच्या वर, कोणालाही न विचारता, शाईने लिहिलं: घरचा टीव्ही. मोठी बटणं.

मोठी बटणं परदेशातून मागवावी लागली. दांडी आणि चार जाड बटणं असलेला एक खोका. तो आला, पण घरी आला नाही. पार्सल ऑफिसात अडकला. लमीन रजा टाकून गेला. खिडकी क्रमांक तीन. खिडकीत चष्मा कपाळावर घेतलेले एक अधिकारी.

"हे काय आहे?"

"खेळाचा दांडा, साहेब."

"याने काय चालवता? ड्रोन? उडणाऱ्या वस्तूंना परवानगी लागते."

"काही उडत नाही, साहेब." लमीनला पहिला ऑक्टोपस आठवला.

"मग चालतं काय याने?"

"ऑक्टोपस."

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "जिवंत?"

"चित्रातला."

"अर्जात 'ऑक्टोपस' लिहिलंत तर कागद मत्स्य खात्याकडे जाईल. 'दांडा' लिहिलंत तर हत्यार आहे का ते बघावं लागेल. 'नियंत्रक' लिहिलंत तर ड्रोन. तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

एव्हाना मागच्या रांगेला विषयाची गोडी लागली होती. एक बाई म्हणाल्या की संगीताचं वाद्य लिहा, माझ्या जावयाचा ड्रम असाच सुटला. एक म्हातारे म्हणाले, वैद्यकीय लिहा, त्याला कोणी हात लावत नाही. लमीनने शेवटी पिशवीतून लॅपटॉप काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. "साहेब, तुम्हीच बघा. हत्यार वाटलं तर जप्त करा."

खोका उघडला, तार जोडली, आणि अधिकाऱ्यांनी शासकीय चौकशी म्हणून दांडा हातात घेतला. पहिल्या मिनिटाला त्यांचा ऑक्टोपस मडक्यात सापडला. चौकशी अपुरी राहिली म्हणून त्यांनी पुन्हा सुरू केली. "डावीकडे घ्या, साहेब!" "अहो, ते मडकं नको, त्याला दोर आहे!" रांग खिडकीत शिरली होती. आतल्या खोलीतून वरिष्ठ आले, ओरडले, मग त्यांनीही एक डाव चौकशी केली. पाऊण तासाने निकाल लागला. कागदावर शिक्का पडला: 'खेळणं. वय वर्षे बारापर्यंत.' आणि खाली, घेणाऱ्याची सही: लमीन त्रीकी, वय शेहेचाळीस.

तो कागद वसीलाने फ्रीजवर लावला. लमीनने दोनदा काढला. तिने तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो म्हणाला, "निदान उलटा तरी लाव."

मेळ्याच्या दिवशी नासरने तीनचाकी काढली. मागे टीव्ही, टीव्हीला धरून लमीन, आणि पुढे नासरच्या शेजारी बशीरबाबा, लाल शेशिया टोपी आणि लग्नातला कोट घालून. सी हेदी पायी आले आणि आधी पोचले.

सांस्कृतिक भवनात वीसेक मेजं होती. बाकीचे सगळे तिशीच्या आतले, काळ्या सदऱ्यांतले, पडद्यावर आग आणि तलवारी. लमीनच्या पडद्यावर गवत. पहिला तासभर कोणी फिरकलं नाही. एकाने येऊन विचारलं, "काका, पाण्याच्या बाटल्या कुठे मिळतात?" लमीनने इमानेइतबारे दिशा सांगितली आणि कॉलर नीट केली.

मग बाबा म्हणाले, "सरक. मी बसतो."

आणि बसले. जाड बटणांवर जाड बोटं पडली आणि पडद्यावरचा ऑक्टोपस हलला. लमीनने आजवर शेकडो डाव खेळले होते. आपला ऑक्टोपस असा चालू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तो गवताच्या कडेने गेला. मडक्यापाशी थांबला, मागे झाला, प्रवाह सरकू दिला, मग खालून गेला. एक मडकं, दहा मडकी, तीस. "इथे दोर आहे," बाबा पुटपुटत होते. "हे माझ्यासारख्याने लावलंय. हा माणूस बेरकी आहे. पण मीही आहे." मागे पाच जण उभे राहिले, मग पंधरा. तलवारीवाले आपल्या तलवारी सोडून आले. कोणीतरी शिट्टी मारली. तीन परीक्षक हातात वह्या घेऊन आले आणि लिहायचे थांबले.

आणि नेमका तेव्हा ऑक्टोपस एका मडक्यात शिरला आणि अडकला. बाबांनी दांडा ओढला. काही नाही. पडद्यावर गवत हलत होतं, ऑक्टोपस ढिम्म. लमीनने तार चाचपून पाहिली. सात महिने, आणि मोडायचं ते आता!

"काय झालं? बिघडलं का?" एका परीक्षकाने विचारलं.

बाबांनी मान वळवली. साठ वर्षं वाऱ्यात ओरडून कमावलेल्या आवाजात ते म्हणाले, "हळू बोला. मादी आहे. अंडी घालतेय."

मागच्या लोकांनी टाचा उंचावल्या.

"या वेळी ती हलत नाही," बाबा सांगू लागले. "खात नाही. बाहेर येत नाही. कोणी आलं तर दारात दगड ओढून घेते. असं मडकं वर आलं तर माझा बाप ते परत पाण्यात सोडायचा, आणि मीही सोडायचो..." बोलता बोलता त्यांनी लमीनला कोटाला धरून जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाले, "मोडलंय ना?"

"हो, बाबा."

"कर नीट. तोवर मी बोलतो."

लमीन मेजाखाली शिरला. तिथे गुडघ्यांवर बसून तो चूक शोधत होता आणि वरून बाबांचा आवाज येत होता. दोर, वारा, अमावस्येचं पाणी, एकदा बोटीत चढून चहाचा पेला पळवणारा ऑक्टोपस. लोक हसत होते. बाबांना एवढं बोलताना लमीनने कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. चूक त्याला सहाव्या मिनिटाला सापडली. एक आकडा चुकला होता, एवढंच. तो आणखी वीस मिनिटं मेजाखालीच बसून राहिला.

संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. पहिली तिन्ही आगीला आणि तलवारींना गेली. मग परीक्षकांनी एक विशेष उल्लेख वाचला: लमीन त्रीकी यांच्या खेळाला, 'प्राण्याच्या वागण्याच्या असामान्य अभ्यासाबद्दल, विशेषतः अंडी घालण्याच्या प्रसंगासाठी.' लमीन मंचावर गेला. जे त्याने जिवाचं रान करून बरोबर केलं होतं त्याबद्दल कोणी अक्षर काढलं नव्हतं, आणि जे चुकलं होतं त्याचं हे प्रशस्तिपत्रक होतं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकून आभार मानले.

"फोनवर असता तर पहिला आला असता," सी हेदी खाली म्हणाले.

परतताना बाबांनी मासळीबाजारापाशी तीनचाकी थांबवायला लावली. आज मेजवानी! वसीलाही तिथेच येऊन मिळाली. कोळ्याने बाबांना ओळखलं, "या, सी बशीर, किती दिवसांनी!" म्हणत बर्फावरचा सगळ्यात मोठा ऑक्टोपस उचलून दोन्ही हातांवर पसरला. "सकाळचाच आहे. तुमच्या बेटाचा. बघा, काय माल आहे!"

बाबांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. हजारो ऑक्टोपस उलटे करून दगडावर आपटलेल्या त्या माणसाने हळूच टोपी मागे सरकवली.

"सार्डीन दे," ते म्हणाले.

"सार्डीन? सी बशीर, तुम्ही?"

"सार्डीन दे म्हटलं ना! दोन किलो." आणि गाडीत चढल्यावर, वसीला तोंडाला ओढणी लावून हसतेय हे पाहून, ते बाहेर बघत तुटकपणे म्हणाले, "आजच्या दिवस फक्त."